उगवलेली खुर्ची

“या वेळी थोरल्यांची जिरवली नाही ना, तर ही मिशी उतरवीन!”

असं म्हणून धाकट्यांनी मिशीला पीळ दिला आणि बायकोचा कपडे भिजवायचा टब उचलून बाल्कनीत नेला.

“मिशीचं तुमचं तुम्ही बघा,” बायको म्हणाली. “माझा टब परत कधी मिळणार?”

थोरले आणि धाकटे हे एकाच घरचे दोन जावई. सासरी त्यांना नावानं कुणी हाक मारतच नसे. थोरले विमा कंपनीत होते, आणि उरलेला सगळा वेळ बांबूत होते. त्यांच्या घरी बांबूचं टेबल, बांबूच्या खुंट्या, बांबूचा दात घासायचा ब्रश. छपरावर सौर पाट्या. बांबू कापला की पुन्हा वाढतो, झाड कापलं की माणूस म्हातारा होईपर्यंत वाट बघावी लागते, असं ते अगदी हळू आवाजात सांगत. बढाई म्हणून कधी मारत नसत. हाच त्यांचा सगळ्यात मोठा अपराध! बढाई मारली असती तर निदान नावं तरी ठेवता आली असती.

आणि धाकटे? धाकटे थर्मोकोलचं पॅकिंग बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. आता बोला!

सासरेबुवांनी आयुष्यभर लाकडाची वखार चालवली होती. उभं रान करवतीखालून काढलं आणि म्हातारपणी त्याची टोचणी लागली. आता कुठलीही वस्तू हातात आली की आधी ते तिच्यावरून तळवा फिरवत, ती कशापासून केली ते विचारत, आणि मनापासून पटली तरच म्हणत, “कामाची वस्तू!” हे दोन शब्द ऐकायला त्यांची सख्खी मुलंही तरसायची. थोरल्यांच्या टेबलाला ते मिळाले होते. खुंट्यांनाही मिळाले. अहो, ब्रशलासुद्धा मिळाले! धाकट्यांना लग्नापासून एकदाही नाही. त्यांनी हौसेनं दिलेल्या प्लास्टिकच्या आरामखुर्चीवर सासरेबुवांनी तळवा फिरवला होता आणि म्हटलं होतं, “असू दे.”

ते “असू दे” धाकट्यांच्या घशात काट्यासारखं अडकलं होतं.

त्यात संधी चालून आली. थर्मोकोलचे दिवस भरत आले म्हणून कारखान्यानं एक प्रयोगवाल्या बाई नेमल्या होत्या. बाई लाकडाच्या भुशात अळिंबीचं बी पेरत. अळिंबीचे पांढरे धागे भुसा असा काही घट्ट धरत, की साच्यात घालाल त्या आकाराचा हलका, टणक ठोकळा तयार! झाड कापायला नको, तेल जाळायला नको, आणि नको झाला की बागेत टाका, त्याची माती.

“यातून खुर्ची होईल?” धाकट्यांनी विचारलं.

“होईल की. फक्त शेवटी भाजायला इथे आणा. नुसत्या उन्हानं भागत नाही. भट्टीत भाजली नाही तर आतली अळिंबी जिवंत राहते.”

“आणतो, आणतो!” म्हणत धाकटे बियाण्याची पिशवी घेऊन निघालेसुद्धा.

त्यांनी मुद्दाम सासरेबुवांच्या जुन्या वखारीतला भुसा मागवला. चुन्याच्या पाण्यात भिजवला. बी कालवलं. टबात बैठक थापली, बादल्यांत पाय, आणि फ्रिजच्या खोक्यात पाठ. घरातली सगळी भांडीकुंडी बाल्कनीत जाऊन बसली. बायको पातेल्यात कपडे भिजवू लागली आणि कपडे भिजवता भिजवता बोलू लागली. पण खुर्ची मात्र झाली! पांढरीशुभ्र, ठोकली की ठणठण वाजणारी. आता फक्त भाजायची राहिली होती.

नेमकं त्या रविवारी सासरी जेवताना थोरले हळूच म्हणाले, “आमचं विजेचं मीटर हल्ली झोपूनच असतं.”

“वा!” सासरेबुवा म्हणाले.

झालं! धाकट्यांच्या पोटात असं दुखलं की त्यांनी पुढची पोळी घेतली नाही. घरी येताच त्यांनी जाहीर केलं, “खुर्ची भाजायची नाही! भट्टी म्हणजे वीज. उद्या बाबांनी विचारलं तर काय सांगू? माझी खुर्ची नुसत्या उन्हावर वाळणार. विजेचा थेंब नाही!”

“विजेचा थेंब नसतो हो,” बायको म्हणाली. “आणि त्या बाई भाजा म्हणाल्यात ना?”

“बाईंना साडू आहे का? मग त्यांना काय कळणार!”

खुर्ची उन्हात वाळली. तशी ती तिथेच राहती तर कदाचित निभावलंही असतं. पण बायकोच्या थोरल्या बहिणीचा फोन आला, की मी सहज डोकावून जाते. धाकट्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ताईंनी पाहिलं म्हणजे थोरल्यांना कळलं, आणि थोरल्यांना कळलं म्हणजे त्यांच्या घरी सोफासेट उगवला! घर दोन खोल्यांचं. खुर्ची लपवणार कुठे? बाथरूममध्ये!

ताई आल्या, चहा झाला, आणि म्हणाल्या, “जरा हात धुऊन येते.”

“पाणी नाही!” धाकटे बाथरूमच्या दाराला पाठ लावून उभे राहिले.

“आतून नळाचा आवाज येतोय की!”

“तो शेजाऱ्यांचा!”

ताईंनी बहिणीकडे पाहिलं. बहिणीनं छताकडे पाहिलं. ताई हात न धुताच घरी गेल्या आणि जाताना बहिणीच्या कानात म्हणाल्या, “भावोजींना एकदा डॉक्टरला दाखव.”

ताई पुन्हा कधी टपकतील याचा नेम नाही, म्हणून खुर्ची तिथेच राहिली. चादर पांघरून. घरातली माणसं तिच्या शेजारी गरम पाण्यानं आंघोळी करत होती, वाफ कोंडत होती, आणि चादर काढायला सक्त बंदी होती. नजर लागते म्हणे!

अखेर तो दिवस उजाडला. सासरेबुवा, ताई आणि थोरले जेवायला येणार होते. धाकट्यांनी चादरीसकट खुर्ची बाहेर काढली.

“अहो, ही जड झालीय,” दुसरी बाजू धरून बायको म्हणाली.

“भरीव कामाला वजन असतंच!”

मंडळी जमली. थोरल्यांनी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली छोटीशी भेट धाकट्यांच्या हातात ठेवली. धाकट्यांनी ती न उघडताच कपाटावर फेकली आणि खोलीच्या मध्यभागी उभे राहिले.

“बाबा! आजवर तुम्ही कापलेल्या लाकडाच्या खुर्च्या पाहिल्यात. काही लोकांनी बांबूच्याही दाखवल्या.” इथे त्यांनी थोरल्यांकडे बघून मिशीला पीळ दिला. “पण ही खुर्ची कापलेली नाही. ही खुर्ची उगवलेली आहे!”

आणि चादर ओढली.

खुर्ची खरोखरच उगवलेली होती! पाठीवर, हातांवर, पायांवर, जागा मिळेल तिथे अळिंबीचे झुबके. करड्या रंगाचे, तळहाताएवढे, एकावर एक. जणू वीसपंचवीस माणसं खुर्चीत दडून कान देऊन ऐकत होती.

ओढलेली चादर धाकट्यांच्या हातातच राहिली.

“काय सुरेख नक्षी!” थोरले म्हणाले. ते थट्टा करत नव्हते, हे आणखीच वाईट.

सासरेबुवांना चष्म्याशिवाय नीट दिसत नसे. त्यांनी खुर्चीच्या हातावरून तळवा फिरवला. धाकट्यांनी श्वास रोखला.

“गादी छान मऊ आहे,” सासरेबुवा म्हणाले आणि टेकले.

आधी काही झालं नाही. मग ‘फस्स’ असा आवाज झाला. वाफेनं भिजून बैठक आतून भुसभुशीत झाली होती. सासरेबुवा सावकाश, एखाद्या बोटीसारखे, खाली जाऊ लागले. गुडघे वर आले, हनुवटी गुडघ्यांना लागली.

“जावईबापू,” ते आतून म्हणाले, “ही अजून किती खाली जाते?”

“थांबा बाबा!” धाकट्यांनी डावा हात धरला. “मी काढतो!”

“मी मदत करतो,” म्हणत थोरल्यांनी उजवा धरला.

“मी काढतो म्हटलं ना! खुर्ची माझी आहे!”

“पण सासरे दोघांचे आहेत!”

एकानं इकडे ओढलं, दुसऱ्यानं तिकडे. मध्ये सासरेबुवा! शेवटी बायको पदर खोचून आली, तिनं खुर्चीचा एक हात धरून कडकन मोडला, आणि वडील भुशात माखून मोकळे झाले.

तोवर ताई मोडलेला हात घेऊन त्यावरचे झुबके निरखत होत्या. “अगं, ही तर खायची अळिंबी दिसते! किती ताजी!”

“दिसते म्हणून खायची नसते ग ताई,” म्हणत बायकोनं प्रयोगवाल्या बाईंना फोन लावला, सगळे ऐकतील असा.

“आपलंच बियाणं ना? नुसती भुशातच वाढलीय ना? मग धुऊन, नीट शिजवून खुशाल खा,” बाई म्हणाल्या. “पण उगवलीच कशी? भाजली नाहीत का हो?”

सगळ्यांनी धाकट्यांकडे पाहिलं. धाकट्यांनी खुर्चीकडे पाहिलं.

शेवटी खुर्ची भाजली गेलीच. तव्यावर! कांदा, मिरपूड घालून बायकोनं अशी परतली की सगळे बोटं चाटत बसले. सासरेबुवांनी तीनदा वाढून घेतलं. धाकट्यांच्या मनात पुन्हा आशेला कोंब फुटला. भाजी तर भाजी! त्यांनी वाकून विचारलं, “बाबा, कशी आहे?”

सासरेबुवांनी तोंड पुसलं. ताटावर हात फिरवला. धाकट्यांचे कान खुर्चीवरच्या कानांहून मोठे झाले.

“चव बरी आहे,” सासरेबुवा म्हणाले. “आणि यांनी भेट काय आणली होती? उघडा की!”

धाकट्यांनी नाइलाजानं कपाटावरचं पुडकं उतरवलं. आत दाढीचा रेझर होता. बांबूच्या दांडीचा.

“प्लास्टिकचे रेझर वापरून फेकावे लागतात,” थोरले हळू आवाजात म्हणाले. “याचं फक्त पातं बदलायचं.”

सासरेबुवांनी रेझर घेतला. दांडीवरून तळवा फिरवला. पुन्हा एकदा फिरवला.

“कामाची वस्तू!”

धाकट्यांनी मान खाली घातली. समोर बायको बसली होती आणि तिची नजर त्यांच्या मिशीवर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटे बाथरूममध्ये आरशासमोर बराच वेळ उभे होते. टब जागेवर परत आला होता. त्यांनी साबण लावला, डोळे मिटले आणि रेझर फिरवला. खरचटणं नाही, ओढणं नाही. पाऊण मिनिटात सगळी मिशी साफ!

त्यांनी दांडीवरून हळूच अंगठा फिरवला. दार लागलंय ना, हे पाहिलं. आणि अगदी पुटपुटल्यासारखं म्हणाले, “कामाची वस्तू.”

“ऐकू आलं हो!” बाहेरून बायको म्हणाली.