सत्तावन्नची की अठ्ठावन्नची

कॅटलॉगकाकांची मोटर जेवणाच्या टेबलावर येऊन अकरा वर्षं झाली होती. बोटीच्या मागे लावायची ती जुनी हिरवी मोटर टेबलाची नेमकी उजेडाची बाजू अडवून बसली होती. तिची पाटी कधीच गळून पडली होती, पण काकांना पाटीची गरज नव्हती. कुठल्याही जुन्या मोटरच्या झाकणावरच्या रेघा मोजून ते तिचं साल सांगत, आणि त्यासाठी त्यांना कुणी विचारावंही लागत नसे.

शेवटी काकूंनी सांगून टाकलं, की रविवारी तलावापलीकडे ताईकडे या मोटरनं पोचलो तर ठीक, नाहीतर सोमवारी ती भंगारात जाईल. त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता, म्हणूनच काकांनी त्याच संध्याकाळी पाना हातात घेतला.

"फक्त इंपेलर बदलायचाय," ते म्हणाले. इंपेलर म्हणजे इंजिनाला गार पाणी पोचवणारं छोटं रबरी चाक. "झाकणावर दोन रेघा, म्हणजे सत्तावन्नचं मॉडेल. डोळे मिटून सांगतो."

सत्तावन्नचा इंपेलर पोस्टानं आला, पण तो ज्यात फिरतो त्या खालच्या कपात काही केल्या बसेना. दुसरा कुणी असता तर कपात डोकावला असता. काका कॅटलॉगात डोकावले. तिथे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की अठ्ठावन्नच्या पहिल्या काही मोटरींनाही दोनच रेघा होत्या. आपण चुकलो असं काकांना वाटलंच नाही. आपल्याला शोध लागला, असं वाटलं.

गावाबाहेरच्या भंगारवाल्याकडे अठ्ठावन्नची एक मोटर पडून होती. काकांनी तिचा कप आणि इंपेलर आणला. दोन्ही एकमेकांत छान बसले, पण कपाचे बोल्ट मोटरच्या पायाला, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागाला, जुळेनात. याचा अर्थ कुणा लबाडानं अठ्ठावन्नच्या मोटरला सत्तावन्नचा पाय चिकटवला होता. काकांनी पाय बदलला. नव्या पायातला दांडा बोटभर लांब निघाला, म्हणून वरचं इंजिन बदललं. इंजिनाला जुना कार्बोरेटर चालेना, तोही बदलला. दर वेळी त्या अज्ञात लबाडाबद्दलचा त्यांचा राग वाढत गेला.

"काका, अख्खी मोटरच घेऊन जा ना," पाचव्या फेरीला भंगारवाला म्हणाला.

"मोटर आहे माझ्याकडे. मला फक्त पार्ट हवेत."

शनिवारी झाकणही बदलून झालं. उतरवलेल्या भागांनी दोन बादल्या भरल्या होत्या. यांचं काय करू, असं काकूंनी विचारलं.

"टाकून दे. कुणाकुणाच्या मोटरींचे तुकडे आहेत ते."

रविवारी सकाळी काका मोटर घेऊन पुढे धक्क्यावर गेले. काकू कुलूप लावून मागून येणार होत्या. नावाड्याच्या मदतीनं मोटर बोटीला लावून काकांनी दोरी ओढली. मग पुन्हा ओढली. चाळीस वेळा ओढल्यावर त्यांनी कोट काढला. ही मोटर भंगारवाल्याकडे मुळात का पडून होती, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

इतक्यात पाण्यावरून एका मोटरचा आवाज आला. काकांनी दोरी सोडली आणि कान टवकारले.

"सत्तावन्न," ते नावाड्याला म्हणाले. "अस्सल. एकही पार्ट इकडचा तिकडे नाही. मालक कुणीतरी जाणकार दिसतोय."

"ती बोटही माझीच आहे," नावाडी म्हणाला. "मोटर कुणाची ते तुम्हीच बघा."

बोट वळून धक्क्याला लागली. मागे, मोटरच्या दांड्यावर हात ठेवून काकू बसल्या होत्या. बादल्यांतला कोणता भाग कशावर बसतो, हे अकरा वर्षं जेवताना ऐकून त्यांना पाठ झालं होतं.

काका त्या हिरव्या झाकणाकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "कप कुठल्या सालचा लावलास?"

"तोच आहे. घाण होता. जुनं रबर आत चिकटून बसलं होतं, बाटलीच्या ब्रशनं घासून काढलं, तर पोस्टानं आलेलं चाक लगेच बसलं. बसा लवकर, ताई वाट बघत असेल."

काका बोटीत बसले. धक्का मागे पडला, तशी त्यांची मान पुन्हा ताठ झाली.

"तरी मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," ते म्हणाले, "ही सत्तावन्नची—"

काकूंनी वेग वाढवला, आणि पुढचं काही ऐकू आलं नाही.