आप्पांना नदीवर नेलं तेव्हा

राजारामपुरीत आमच्या शेजारी राहणाऱ्या आप्पांना कुणी ‘आज लई उकडतंय’ म्हटलं, की ते विचारतात, “कशावरनं?”

डॉक्टरांनी ‘तब्येत ठणठणीत’ म्हटलं, तेव्हाही हाच प्रश्न. बिचाऱ्यांना रक्त पुन्हा तपासावं लागलं. आप्पांचं भांड्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं पातेल्याचं कौतुक केलं, तरी आप्पा “कशावरनं?” म्हणत. मुलाकडं, महेशकडं गेल्यावर ते दुकान चालायला लागलं.

मागं त्यांच्या नातीला, गौरीला, बघायला पाहुणे आले. मुलाचे वडील म्हणाले, “आमचा मुलगा अगदी निर्व्यसनी आहे.” पुढचं सांगायला नकोच. पाहुणे चहा अर्धा टाकून उठले.

दुसरं स्थळ आलं तेव्हा महेश माझ्याकडं आला. “काका, रविवारी पावणं येणार हायत. तेवढं आप्पांना कुठंतरी न्या की.”

घरात शुभकार्य व्हायचं, तर घरातलं थोरलं माणूस जंगलात हवं होतं. मी त्यांना राधानगरीच्या पुढं, तंबूंच्या मुक्कामाला नेलं. रविवारी सकाळी मुक्कामाला आलेल्या सगळ्यांचा घोळका नदीकाठानं रमतगमत निघाला. वाटाड्या म्हणाला, “हे पाणी एकदम शुद्ध हाय.”

“कशावरनं?”

त्यानं ओंजळभर पिऊन दाखवलं.

“आत्ता न्हाय कळायचं. उद्या सांग,” आप्पा म्हणाले.

दुपारी भाकरी खाऊन सगळे तंबूंकडं वळले. आम्हाला लवकर परतून चालणार नव्हतं. मी म्हणालो, “आप्पा, अजून थोडं पुढं जाऊ. तिकडं धबधबा आहे म्हणे.”

आप्पा खडकावर बसले. पायताणं काढून त्यांनी पाय पाण्यात सोडले.

“बस हितंच. उगंच खोटं बोलून दमू नगंस. अंधार पडल्यावर घरात शिरू. पावणं रेंगाळलं आसतील, तर माझ्यापायी पोरीचं मोडाय नगं.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कोण सांगतंय मला? सून दोन दिस लाडू वळत हुती. मी खोलीत गेलो की समदी गप.”

मी मान खाली घातली. आप्पांनी हळूच विचारलं, “गौरीला निळी साडी लई शोभती. तीच नेसली आसंल न्हवं?”

मला काहीच ठाऊक नव्हतं. तरी म्हणालो, “व्हय, निळीच.”

आप्पांनी मान डोलावली आणि पाण्याकडं बघत राहिले.