एप्रिल २०२९ पर्यंतचा आधार

"तुझा विंडोज वारला असं समज," भरत बायकोला म्हणाला आणि त्याने कंप्युटरमध्ये पेनड्राइव्ह खुपसला.

कंप्युटर नूतनच्या दुकानातला होता. पेणच्या रामवाडीत ती फॉर्म भरणं, दाखले, सातबारा, झेरॉक्स असली कामं करायची. जुन्या विंडोजचे अपडेट बंद झाले होते आणि नवा त्या मशीनवर चढत नव्हता. भरत धाटावच्या एका कंपनीत मेंटेनन्सला. त्याने आजवर कुठलीच गोष्ट अर्ध्यामुर्ध्या आत्मविश्वासाने केली नव्हती. घरचा मिक्सर बिघडवला, तोसुद्धा पूर्ण आत्मविश्वासाने.

"हे काय टाकताय?"

"लिनक्स. लिनक्स मिंट."

"मिंट म्हणजे पुदिना ना?"

"हस तू. फुकट हाय, सोपा हाय आणि लाँग टर्म सपोर्ट. एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट येत राहणार, बघायला नको."

"माझं एक जरी गिऱ्हाईक पलीकडे गेलं ना, तर तुमचं लिनक्स बाहेर. आणि परत माझ्या मशीनला हात लावायचा नाही."

पलीकडे म्हणजे रस्त्यापलीकडे, शिवाच्या दुकानात. तिथे एसी होता, फिरत्या खुर्च्या होत्या. नूतनकडे पंखा होता आणि सहा वर्षं एकेक फॉर्म बिनचूक भरून कमावलेलं नाव होतं. ते गेलं तर बाकी काहीच उरत नव्हतं.

खरं सांगायचं तर लिनक्स तासाभरात गुमान बसलं. मराठीत मेनू आले, प्रिंटर न कुरकुरता चालू झाला. नूतनसुद्धा "बरं आहे की" म्हणाली. इथे थांबायचं होतं. पण भरतला यश पचत नाही.

दुकानात गिऱ्हाइकांकडे तोंड केलेली दुसरी स्क्रीन होती. आपलं नाव बरोबर टाइप झालंय का, ते लोक त्यात बघायचे. ती रिकामी असताना भरतने तिच्यावर जाहिरात झळकवली. सरकारी कामाचं दुकान म्हणून भाषाही शुद्ध वापरली : 'येथे दीर्घकालीन आधार. मुदत : एप्रिल २०२९ पर्यंत.'

पहिल्या आल्या गिरजाबाई, सातबारा काढायला. लेकीकडे रोह्याला निघाल्या होत्या, म्हणून घाईत होत्या. तरी पाटी त्यांनी अक्षर अक्षर लावून वाचली.

"भरत, आधारला मुदत हाय?"

"हाय ना काकी," भरत केबल गुंडाळत म्हणाला. "एप्रिल २०२९. मग नवीन टाकायचा. फुकट असतो."

"नि नाय टाकला तर?"

"मग धोका. कोण पण आत घुसतो. सगळं घेऊन जातो नि आपल्याला कळत पण नाय."

गिरजाबाईंनी पिशवी छातीशी धरली आणि सातबारा न घेताच स्टेशन गाठलं.

गाडी रोह्याला पोचली आणि बातमीही. रोह्याहून धाटावला जायला बातमीला तिकीट लागत नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये भरतच्या शेजारचा सांगू लागला, "पेणला एका दुकानात आधार काढला ना, तर तो २०२९ ला मरतो. मग घरात चोर घुसतात."

"काय अडाणी लोक असतात रे!" भरत कळवळून म्हणाला. "कुठलं दुकान?"

"रामवाडीतलं. कोण ती नूतन हाय."

भरत पुढचे सहा किलोमीटर खिडकीबाहेर बघत बसला.

संध्याकाळी दुकानात नूतन वाटच बघत होती. "सहा जण पलीकडे गेले. सहा! आधी ती पाटी उतरवा, मग लिनक्सचं बघते."

"अगो, उतरवली तर लोक म्हणतील, बघा, लपवलंन! माझा अर्थ बरोबर हाय, शब्द तेवढा चुकला." आणि त्याने आधार खोडून लिहिलं, 'दीर्घकालीन पाठिंबा. एप्रिल २०२९ पर्यंत.'

सकाळी अकराला केरू आला. केरू एका पक्षाचा कार्यकर्ता, शर्ट कायम पांढरा.

"वहिनी, कोणाला?"

"काय कोणाला?"

"पाठिंबा! आणि डायरेक २०२९ पर्यंत? आमाला विचारलंत पन नाय."

"अहो, तो कंप्युटरचा पाठिंबा आहे."

"कंप्युटर चिन्ह कोणाचं हाय?" केरू विचारात पडला.

तेवढ्यात दुसऱ्या पक्षाचा माणूस आला, त्याचाही शर्ट पांढरा. दोघे दोन खुर्च्यांवर एकमेकांकडे पाठ करून बसले. हा देखावा बघून दाखल्याला आलेली माणसं दारातूनच वळली. दुपारपर्यंत केरूच्या लोकांची खात्री पटली की नूतन दुसऱ्या पक्षाची आणि दुसऱ्या पक्षाच्या लोकांची खात्री पटली की नूतन केरूची. दोन्ही बाजू शिवाच्या एसीत जाऊन बसल्या. सहा वर्षांत नूतनने आपलं मत कोणाला दिलं हेसुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

तिने भरतला शिफ्टवर फोन लावला. "आता मी ते पुसून टाकते."

"पुसू नको गो! पुसलंस तर पाठिंबा काढला म्हणतील. 'मदत' लिही. मदत या शब्दावर कोण भांडतंय?"

नूतनने तसं लिहिलं आणि खरंच कोणी भांडलं नाही. त्यानंतर तिसऱ्या दिवशी नूतनने शटर वर केलं तर समोर डोंगराकडच्या वाडीतल्या तेवीस बाया. सगळ्यांच्या पुढे त्यांची म्होरकी पारी.

"ताई, हितं मदत मिलते म्हनं. एप्रिल २०२९ पतुर."

प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद होते. तेवीस जणींनी त्या दिवसाची मजुरी सोडली होती. भरतला त्या दिवशी सुट्टी होती. तो आयुष्यात पहिल्यांदा खाली मान घालून उभा राहिला.

"पारी, ती मदत तुम्हाला नाही गो. कंप्युटरला आहे."

पारीने मशीनकडे नीट बघितलं. "का? त्याला काय झालंय?"

नूतनला हसावं की रडावं कळेना. चूक आपल्या दुकानाची, भुर्दंड यांना, हे काही तिला सोसवेना. "आलात ना? मग कोणी रिकाम्या हाताने जायचं नाही. पिशवी दे इकडे."

पिशव्यांतून वर्षानुवर्षं अडकलेली कामं निघाली. कोणाचं रेशनकार्डावर नाव चुकलेलं, कोणाच्या नातवाचा जातीचा दाखला राहिलेला. नूतन फॉर्म भरत गेली, भरत कागद स्कॅन करत गेला. सात तास. मशीन एकदाही अडकलं नाही. पलीकडे मात्र तीन वाजता शिवाच्या नव्याकोऱ्या कंप्युटरने मधूनच अपडेट काढलं आणि स्क्रीनवर नुसतं गोल गोल फिरत राहिलं. अर्ध्या तासाने एसीतली माणसं रस्ता ओलांडून पंख्याखाली आली. पांढरे शर्टही आले आणि तेवीस बायांच्या मागे रांगेत उभे राहिले.

संध्याकाळी शेवटची पोचपावती छापून झाली. "राहू दे तुमचं लिनक्स," नूतन म्हणाली, "पण ती पाटी आता माझ्यासमोर नीट करा."

भरतने दातओठ खात 'मदत' पुसली. शुद्ध भाषेचा नाद सोडला आणि लिहिलं, 'लाँग टर्म सपोर्ट : एप्रिल २०२९ पर्यंत.'

पारी पिशवी काखेत मारून थांबली होती. तिने ते सावकाश वाचलं.

"सपोट होय! माज्या मोबाइलचा संपला ना गेल्या साली, वॉट्सप बंद झाला. तसाच ना?"

"व्हय, तसाच!" भरत आनंदाने ओरडला.

"मंग दादा," पारी म्हणाली, "पैल्यापासून असं सरळ मराठीत लिवायला काय झालं होतं?"

भरतने समजावून सांगायला तोंड उघडलं. नूतनने त्याच्यापुढचा कीबोर्ड उचलून घेतला.