आप्पांच्या घोडीचं लिंबू

भेस्तानच्या आमच्या गल्लीत एका घोडीच्या डोक्यावर ट्यूबलाइट आहे. ती भास्करआप्पांनी लावली, पण दोष थोडा माझाही आहे.

आप्पा आमचे शेजारी. कापडाच्या लूमवर काम करतात आणि लग्नसराईत आपली घोडी काजल वरातीला नेतात. काजल पांढरीशुभ्र आहे; नाव डोळ्यांवरून पडलं. तिला शिंगरू व्हावं हा आप्पांचा ध्यास. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यात विषय प्राणिशास्त्र. म्हणून ते रोज दारात उभे. "पुस्तक काय म्हनस, माय?"

पुस्तक म्हणत होतं, हिवाळ्यात घोडीची अंडाशयं झोपलेली असतात. दिवस मोठा झाला की मेंदू संप्रेरकं सोडतो आणि अंड्याभोवतीचा पाण्याचा फुगा वाढू लागतो. मी भीत भीत एवढंच वाचून दाखवलं. संध्याकाळी ट्यूबलाइट आली. "मी बारा तास ड्यूटी करतो, ही सोळा तास उजेडात राहील," आप्पा म्हणाले.

दोन महिन्यांनी काजल माजावर आली. जनावरांच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून फुग्याचं माप मिलिमीटरमध्ये सांगितलं. आप्पांनी ते गल्लीला समजेल असं करून घेतलं: आधी बोर, मग सुपारी, मग लिंबू. चहाच्या टपरीवर लोक विचारायचे, "आप्पा, आज काय?" आप्पा गंभीरपणे म्हणायचे, "सुपारी."

लिंबू झालं तेव्हा डॉक्टर नेमके गावाला गेलेले. काजलला फळवायला बारडोलीच्या घोड्याकडे कधी न्यायचं, हे आप्पांनी मला विचारलं. मी पान उघडून सांगितलं, माज उतरल्यावर अंडं सुटतं, तेव्हा न्या.

आम्ही टेम्पोतून गेलो. काजलनं घोड्याला अशी लाथ झाडली की त्याचा मालकच पळाला. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, घोडीचं अंडं माज असतानाच सुटतं. माज उतरल्यावर सुटतं ते गाईचं. मी गाईचं पान वाचलं होतं.

परतताना मला रडू येत होतं. आप्पा काजलचा पुढचा गुडघा चोळत बसले होते. हळूच म्हणाले, "मला शिंगरू कशाला पाहिजे, माय? हिचे गुडघे गेले. वरात मागणारी सगळी आपलीच माणसं, नाही कसं म्हणू? पोटुशी घोडीला मात्र कोणी नाचवत नाही."

गल्लीच्या तोंडाशी त्यांचा पुतण्या उभा होता. रविवारी त्याचंच लग्न. त्यानं विचारलं, काजल तयार आहे ना?

"पोटुशी शे," आप्पा म्हणाले. पण खोटं बोलायची सवय नसल्यानं त्यांचा आवाज फाटला.

पुतण्यानं माझ्याकडे पाहिलं. टपरीवरच्या सगळ्यांनीच पाहिलं. "पुस्तक काय म्हणतं?" कोणीतरी विचारलं.

मी पुस्तक छातीशी धरलं. "अकरा महिने," मी म्हणाले, "अजिबात नाचवायचं नाही."