वाघांचा परगावचा सामना

एका जंगलात, बाळांनो, वाघांचं एक कॉलेज होतं आणि सशांचंही. दोन्हीकडे बास्केटबॉल जोरात होता. अभ्यासाचं मला विचारू नका.

गटातले सामने जंगलाचं क्रीडामंडळ ठरवत असे. गटाबाहेरचे ज्याचे त्याने ठरवायचे. म्हणून वाघांचे प्रशिक्षक पट्टेसर दर वर्षी सशांना पत्र पाठवत, "आमच्याकडे खेळायला या." ससे जात, पन्नास गुणांनी हरत आणि आपापले कान मोजून परत येत.

सशांच्या प्रशिक्षक चपळाबाई दर वर्षी उत्तर लिहीत, "यंदा तुम्ही आमच्या माळावर या. आमच्या पिल्लांनी वाघ पाहिलेत, पण पळता पळता. एकदा बसून बघू देत." ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी बाई निवृत्त होणार होत्या. एवढी एकच हौस राहिली होती.

"तारीख शिल्लक नाही," असं पट्टेसर कळवत. खरं म्हणजे माळावर जागोजागी बिळं होती. बिळात पाय अडकून हरलेल्या वाघाने जंगलात तोंड कुठे दाखवायचं?

मग मंडळाने नियम काढला. गटाबाहेरचा एक तरी सामना परगावी जिंकल्याशिवाय अजिंक्यपद स्पर्धेत प्रवेश नाही.

पट्टेसर धावत सशांकडे गेले. "बाई, यजमान तुम्हीच! फक्त मैदान आमचं. तुमच्या माळाची पाटी आमच्या फाटकावर ठोकू. कागदोपत्री आम्ही परगावी."

"म्हणजे यजमानाचे सगळे हक्क आमचे?"

"सगळे!"

बाईंनी सही केली.

सामन्याच्या दिवशी ससे सकाळीच पाटी, पाट आणि पातेली घेऊन हजर झाले. यजमान म्हणून वेळ बाईंनी ठरवली होती, दुपारी दोनची. त्याआधी पाहुण्यांची पंगत.

वाघ पुरणपोळी खातात का, असं विचारू नका. आग्रह झाला की खातात.

"सर, अर्धीच घ्या."

"पुरे हो बाई, सामना आहे."

"पहिल्यांदाच आमच्या घरी आलात आणि नाही म्हणता?"

हे तर माझंच घर, असं म्हणावं, तर मंडळाचे पंच शेजारच्याच पाटावर बसलेले. पट्टेसरांनी अकरा पोळ्या खाल्ल्या. सर उठेनात, म्हणून खेळाडूही उठले नाहीत.

दोन वाजता शिट्टी झाली. तीन वाघ कसेबसे उभे राहिले. चौथा बास्केटखाली घोरत होता आणि पाचवा अजून पानावरच होता. ससे बारा गुणांनी जिंकले.

संध्याकाळी पट्टेसर हात जोडून आले. "बाई, अजून एक सामना द्या. तुमच्या माळावर येतो."

"तारीख बघावी लागेल," चपळाबाई म्हणाल्या.

रविवारी वाघ खरोखरच माळावर आले. जेवण नको म्हणून डबे घेऊनच आले. पिल्लं आपापल्या बिळांवर बसली होती. वाघ बिळं चुकवत, उड्या मारत खेळले आणि साठ गुणांनी जिंकले. प्रत्येक बास्केटला पिल्लांनी टाळ्या वाजवल्या. वाघांना त्यांच्या घरीसुद्धा एवढ्या टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या.

चपळाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या आनंदाने त्या कधीच हरल्या नव्हत्या.

तात्पर्य: मोठ्यांना आपल्या घरी आणायचं असेल, तर आधी त्यांच्याच घरी जाऊन त्यांना पोटभर जेवू घालावं.