चषकावरचा बॅट्समन

"केसरीनाथशेठ, आमच्या चषकावर एक बॅट्समन उभा आहे," फादर ऑल्विन फोनवर म्हणाले.

केसरीनाथने हातातला चहा खाली ठेवला. कामतघर भागात त्याचं पॉलिश-मुलाम्याचं दुकान. मिस्सेच्या प्रार्थनेत द्राक्षारसासाठी लागणारा चर्चचा चषक आतून सोन्याचा मुलामा द्यायला आला होता. देवाची वस्तू म्हणून त्याने चपला काढून काम केलं होतं. त्याच आठवड्यात काल्हेरच्या क्रिकेट मंडळाचा चषकही नाव कोरायला आला होता.

"दोनी खोक्यांवर तुमीच 'चषक' लिवलंय, बाबा," सून दिपाली म्हणाली. "मी पोचवले. खोक्यात घुसून बघायचं व्हतं का?"

मिस्सा सहाला होती आणि चार वाजले होते. पण केसरीनाथला घाम फुटला तो वेगळ्याच कारणाने. जिंकलेली पोरं चषकात थंडा ओततात आणि अख्खी टीम त्यातून पिते. गेल्या वर्षी दोन घोट त्यानेही घेतले होते.

चर्चमधून बॅट्समन उचलून तो स्कूटरवरून काल्हेरला सुटला. वाटेत त्याने एकवीरा आईला साकडं घातलं. मग वाटलं, ज्याची वस्तू त्यालाही सांगावं, म्हणून येशूला हात जोडले. हँडल सुटलं आणि ट्रकवाल्याने सणसणीत शिवी दिली.

मैदानावर फायनल कधीच संपली होती. पोरं दोन लिटरची बाटली घेऊन स्टेजखाली टपली होती. पण वर सत्कार चालू होते. अठ्ठावीस उरकले होते, तेरा बाकी होते. सत्कारांचा इतका आनंद केसरीनाथला जन्मात झाला नव्हता.

तो स्टेजवर चढताच माईकवाल्याने सवयीने त्याचं नाव पुकारलं. अंगावर शाल पडली, हातात नारळ आला.

"काळूरामशेठ, कप बदललाय," तो मंडळाच्या अध्यक्षांच्या कानात कुजबुजला. "यो चर्चचा हाय!"

"तरीच! यवढासा कप बघून पोरं रुसलीत ना!"

पावणेसहाला फादरांनी खोकं उघडलं. चषकावर कुंकवाचं बोट होतं आणि आत झेंडूची पाकळी. केसरीनाथने घाईने हात जोडले.

"फादर, मंडळाची ठकुबाई बक्षिसांना कुंकू लावते. तिला म्हाईत न्हवतं..."

"कुणी त्यातून काही प्यायलं?"

"न्हाय! आईशप्पत!"

फादरांनी रुमालाने कुंकू हळूच पुसलं. "मग झालं तर. मुलाम्यानंतर चषकाला आशीर्वाद पुन्हा द्यायचाच होता. तिथेही त्याची पूजाच झाली म्हणायची."

केसरीनाथ खुर्चीत कोसळला. तेवढ्यात फादरांची नजर त्याच्या खांद्यावर गेली.

"आणि ही शाल कसली?"

"घोटाळा केला ना, फादर," केसरीनाथ ओशाळून म्हणाला, "त्याचा सत्कार झाला."