गाडी विचार करते

मेश्राम काका आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी ना स्वतःचं नाव सांगितलं, ना आमचं विचारलं. सरळ स्वयंपाकघरात गेले आणि आमच्या फ्रिजला कान लावून उभे राहिले. मी चहाचा कप हातात घेऊन बघत होते. काकांचे डोळे मिटलेले, एक बोट वर केलेलं, म्हणजे कोणी बोलू नका. अर्ध्या मिनिटानं ते म्हणाले, "कॉम्प्रेसर धापा टाकून राहिला याचा. दिवाळी नाही पाहत हा." मग शांतपणे चहा प्यायले, साखर कमी आहे म्हणाले, आणि गेले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी फ्रिज बंद पडला.

काका आमच्या शेजारी राहतात. आमचं लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून झालेली वसाहत, नागपुरात अमरावती रोडला लागून, वाडी गावाच्या जरा अलीकडे. कोराडीच्या वीजकेंद्रात, कंट्रोल रूममध्ये त्यांची सारी नोकरी गेली. दर तासाला रीडिंग घ्यायचं, रजिस्टरमध्ये लिहायचं, आणि मधल्या वेळात मशीन काय म्हणते ते ऐकायचं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण कान अजून ड्युटीवर आहेत. पंखा, मिक्सर, पाण्याची मोटर, दवाखान्यातला एसी, काहीच सुटत नाही. खिशात एक छोटी वही असते. काहीही खटकलं की वेळ टाकून लिहितात. विचारलं तर म्हणतात, "लिहिलं नाही ते झालं नाही." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किमान दोनशे वेळा ऐकलं असेल.

एकदा मे महिन्यातल्या लग्नात हा माणूस जेवण सोडून जनरेटरपाशी जाऊन उभा राहिला. ऑपरेटर नाही नाही म्हणत असताना काकांनी तो बंद करायला लावला. मांडवातले सगळे पंखे थांबले. नागपूरचा मे, पाचशे माणसं, नवरीचा मेकअप ओघळायला लागला. वरपक्षाचे लोक बाह्या सरसावून आले. मग ऑपरेटरनं तेल बघायची पट्टी बाहेर काढली तर ती कोरडी ठणठणीत. काका फक्त एवढंच म्हणाले, "दहा मिनिटं अजून चालला असता, मंग जाम झाला असता." आणि वही काढून वेळ लिहिली.

अशा माणसानं दोन वर्षांपूर्वी आयुष्यातली पहिली गाडी घेतली. छोटी, पांढरी. आणि वॉरंटी संपत आली तेव्हा ती गाडी अडखळायला लागली.

"गाडी विचार करते," काकांनी मला कुंपणावरून सांगितलं. चेहरा असा, जणू घरात कोणाला ताप आहे. "हळू चालवत असतो आपण. पुढं जायचं म्हणून ॲक्सिलरेटर दाबला, तर एक सेकंद काहीच नाही. मंग एकदम झटका देऊन उचलते. एक सेकंद वं! तेवढा वेळ काय विचार करून राहिली ती?"

"सर्व्हिस सेंटरला दाखवा ना काका. वॉरंटी आहे ना?"

"बावीस दिवस," काका म्हणाले. हा आकडा त्यांच्या तोंडी पुढे रोज एकानं कमी होत गेला.

सर्व्हिस सेंटरमध्ये पंकज नावाचा तरुण होता. गोड बोलणारा, सतत घाईत. गाडी न्यायला-आणायला तो आपला ड्रायव्हर पाठवायचा, काका सोबत बसून जायचे. त्यानं गाडी एक दिवस ठेवून घेतली आणि चकचकीत धुऊन, आत सुगंध मारून परत पाठवली. सोबत निरोप, गाडी एकदम ओके. काका खवळले. "म्या आजारी माणूस नेला, यानं आंघोळ घालून वापस पाठवला!"

दुसऱ्यांदा पंकज म्हणाला पेट्रोल खराब असेल, दुसऱ्या पंपावर भरा. काकांनी पंप बदलला. तिसऱ्यांदा कॉम्प्युटर लावला, त्यात काही चूक दिसेना. नवीन सॉफ्टवेअर टाकून दिलं. गाडी विचार करतच राहिली. फक्त सर्व्हिस सेंटरच्या आवारात कधी करत नसे. तिथे ती परीक्षेला बसलेल्या हुशार मुलीसारखी वागायची.

चौथ्या खेपेला मी सोबत होते. महाल या भागात ज्या कॉलेजच्या ग्रंथालयात मी काम करते तिथे त्या दिवशी सुट्टी होती. पंकजनं कॉम्प्युटरकडे बघत बघत सांगितलं, "काका, खरं सांगू का, गाडीत काहीच नाही. चालवणाऱ्याच्या पायाचा प्रॉब्लेम आहे. क्लच आणि ॲक्सिलरेटरचा ताळमेळ बसत नाही. नवीन लोकांचं होते असं."

काका आजवर कोणावर ओरडलेले मी ऐकले नव्हते. मांडवातसुद्धा नाही. पण त्या दिवशी त्यांनी काउंटरवर हात आपटला. "पायाले काही बोलायचं नाही! समजलं? पायाले नाही!"

सगळे वळून बघायला लागले. मी त्यांना खुर्चीत बसवून पाणी दिलं. मला वाटलं, वय झालं, रक्तदाब वाढला असेल.

परत येताना ते वहीत लिहीत होते. फाटकाशी उतरताना म्हणाले, "तेरा दिवस राहिले. तू उद्या दुपारी येशील? तू चालव. मी ऐकतो अन् लिहितो. साक्षीदार पाहिजे."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दुपारी दोनला निघालो. काका शेजारच्या सीटवर, मांडीवर वही. "एसी लाव. इंजिन गरम होऊ दे. दुसऱ्या गियरमध्ये हळू चालव, मंग दाब." वीस मिनिटं काहीच झालं नाही. मला तर वाटायला लागलं की पंकजचंच खरं असावं.

वाडीजवळ गोदामांपाशी डिव्हायडरला एक फट आहे, तिथून वळून मागे यायचं होतं. समोरून एक ट्रक येत होता, पण लांब होता. भरपूर वेळ होता. मी हळूच नाक बाहेर काढलं आणि ॲक्सिलरेटर दाबला.

काहीच झालं नाही.

पाय खाली गेला आणि गाडी जागच्या जागी राहिली. मी अजून दाबला. तो ट्रक आता लांब नव्हता. त्याचा हॉर्न माझ्या छातीत वाजत होता, समोरची जाळी मोठी मोठी होत होती, आणि माझ्या पायाखाली कोणी नव्हतंच. मग एकदम झटका बसला आणि गाडी उडाल्यासारखी पलीकडे गेली. ट्रक मागून निघून गेला, त्याचा वारा काचेवर आदळला.

मी गाडी कडेला घेतली. काकांनी वेळ लिहिली, पण अक्षर वाचता येणार नाही असं झालं होतं.

"झालं ना?" ते म्हणाले. "तुह्या पायानंही झालं ना?"

"झालं, काका."

"तुले किती वर्षं झाली गाडी चालवून?"

"चौदा."

त्यांनी तेही लिहिलं. चौदा वर्षं, असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

आता मलाही चैन पडेना. कॉलेजात पुस्तकांवर शिक्के मारता मारता तो हॉर्न आठवायचा. काकांचं जेवण सुटलं होतं. शीलाकाकू, म्हणजे त्यांची बायको, मला म्हणाल्या, "घास हातात ठेवून बसून राहतात गं. विचारलं तर म्हणतात, नऊ दिवस. नऊ दिवस काय, ते सांगत नाहीत." बोलताना काकू गाडीकडे बघत नव्हत्या. बाहेर अंगणात ती उभी होती, आणि त्या तिला वळसा घालून तुळशीला पाणी घालायला गेल्या.

सहा दिवस राहिले तेव्हा आम्ही परत गेलो. यावेळी मी पंकजला बोलूच दिलं नाही. मला जुना मेकॅनिक हवा, एवढंच म्हटलं. आतून रफीकभाई आले. पांढरी दाढी, हाताला ग्रीस, कानावर पेन्सिल. त्यांनी काकांची वही मागितली आणि उभ्या उभ्या सगळी पानं वाचली. कोणीतरी ती वही वाचतंय हे बघूनच काका अर्धे बरे झाले.

"हर वक्त एसी चालू," रफीकभाई म्हणाले. "गाडी गरम. दुसरा गियर. साहेब, हे तुम्ही लिहिलं म्हणून बरं झालं. चला, तुम्ही चालवा, मी कॉम्प्युटर लावून बाजूला बसतो."

"मी नाही चालवत," काका म्हणाले.

"मंग तुम्हाला समजते कसं?"

"मी ऐकतो."

रफीकभाईंनी चावी माझ्याकडे दिली.

आम्ही निघालो. मी स्टिअरिंगला घट्ट धरून, रफीकभाईंच्या मांडीवर कॉम्प्युटर, काका मागे डोळे मिटून. मी यावेळी मोकळा रस्ता निवडला होता. पंचवीस मिनिटं गेली. वॉरंटीचे सहाच दिवस उरले होते आणि गाडी सुतासारखी चालत होती.

अचानक मागून काका म्हणाले, "आता."

मी दाबलं. काहीच नाही. मग झटका.

"या अल्ला," रफीकभाई म्हणाले. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. एक रेघ नीट वर चढत होती आणि मध्येच खड्ड्यात पडल्यासारखी खाली गेली होती. "पेडलचा सेन्सर आहे. पाय दाबून राहिला, पण इंजिनला सांगणाराच झोपला."

अजून दोनदा काका "आता" म्हणाले. दोन्ही वेळा रेघ पडली. रफीकभाईंनी मान वळवून मागे पाहिलं. "साहेब, तुम्ही आमच्याकडे नोकरीला या."

नवीन सेन्सर बाहेरगावाहून यायचा होता. तो येईपर्यंतचे दिवस आम्ही कसे काढले ते सांगण्यासारखं नाही. तक्रार मुदतीच्या आत नोंदली गेली आहे, काळजी नको, असं पंकजनं फोनवर तीनदा सांगितलं. काकांनी तीनदा वहीत लिहिलं आणि तरी रोज फोन केला. वॉरंटीचे दोन दिवस उरले असताना सेन्सर बसला.

गाडी घ्यायला गेलो तेव्हा काकांनी जॉबकार्ड मागितलं. जॉबकार्ड म्हणजे तक्रार आणि दुरुस्ती लिहितात तो कागद. तो वाचून त्यांनी परत दिला. "यात अजून एक ओळ पाहिजे. चालवणाऱ्याची चूक नव्हती, असं लिहा."

पंकज हसला. "काका, काम तर फुकटात झालं ना. आता कायले?"

"लिहा."

रफीकभाईंनी कानावरची पेन्सिल तशीच ठेवून पंकजच्या खिशातला पेन घेतला आणि मोठ्या गोल अक्षरात लिहिलं, खाली सही केली.

घरी येताना गाडी लोण्यासारखी चालत होती, पण काका ऐकत नव्हते. कागद हातात धरून समोर बघत होते. लेआउटच्या तोंडाशी मला म्हणाले, "थांब जरा." मी थांबवली.

"मले काचबिंदू आहे," ते म्हणाले. "समोरचं दिसते. बाजूचं जाऊन राहिलं. तीन महिने झाले, डॉक्टरनं गाडी बंद केली."

मी इंजिन बंद केलं.

"मंग शीला म्हणे, मी शिकते. छप्पन्न वर्षाची बाई. तुम्ही लोक ड्युटीवर असता, त्या टायमाले दुपारी जात होतो आम्ही. लायसन काढलं तिनं. भल्ली चांगली चालवत होती वं." काकांनी कागदाची घडी केली, उघडली. "अन् एक दिवस वाडीच्या त्या फटीपाशी गाडी थांबली. तुह्यासोबत झालं तसंच. ट्रकवाला उतरून आला अन् लोकांसमोर तिले म्हणे, बाई, घरी बस, भाकरी थाप. घरी येऊन तिनं चावी माह्या हातात दिली. म्हणे, माझ्याच्यानं नाही होत."

"तुम्ही सांगितलं नाही, गाडीचा दोष आहे म्हणून?"

"सांगितलं ना! त्याच दिवशी सांगितलं. म्हणे, तुम्ही माझं मन राखून राहिले." ते जरासं हसले. "साऱ्या दुनियेच्या मशिनीचं माझं ऐकते ती. हे एकच नाही ऐकलं."

मी गाडी पुढे घेतली.

काकू अंगणात वाळलेले कपडे काढत होत्या. काकांनी कागद त्यांच्यापुढे धरला. काकूंनी कपडे खांद्यावर टाकले, पदरानं चष्मा पुसला आणि वाचलं. शेवटची ओळ त्यांनी बोट ठेवून दोनदा वाचली.

"त्या दिवशीही हेच होतं?"

"हेच."

काकूंनी कागद कमरेला खोचला. मग आत गेल्या. मला वाटलं रडायला गेल्या. पण बाहेर आल्या तेव्हा पायात चपलेऐवजी बूट होते, आणि हात पुढे केलेला होता.

"द्या चावी."

काका डावीकडे बसले. पट्टा लावताना त्यांना खाच सापडेना, काकूंनी वाकून लावून दिला. गाडी हळूच फाटकाबाहेर निघाली. काचा खाली होत्या आणि मी मागोमाग चालत होते, त्यामुळे आवाज येत होता.

"माझ्या बाजूनं काय आहे वं?" काका विचारत होते.

"भाजीवाल्याचा ठेला," काकू म्हणाल्या. "त्याच्यामागं गाय बसली आहे. आता शाळेचं कुंपण लागलं. दोन पोरी सायकल घेऊन उभ्या आहेत, एकीनं हात केला तुम्हाला."

काकांनी डावीकडे मान वळवली आणि हात हलवला.